कापसाला काटा, बोकडाला अंदाज

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात बोकडाचा सौदा सुरू होतो तो हाताने. व्यापारी बोकडाच्या कमरेवर अंगठा दाबून पाहतो, शेपटीच्या बुडाशी चाचपतो, ओठ वर करून दात मोजतो. मग पुढचे दोन्ही पाय धरून जनावर जरा उचलतो, खाली ठेवतो आणि एक आकडा बोलतो. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायची जुनी रीतही राज्यातल्या काही जनावरांच्या बाजारांत टिकून आहे. पहाटे दोन करडं टेम्पोत घालून आलेला शेतकरी त्या आकड्यावर पाचशे वाढवून मागतो, व्यापारी शंभर वाढवतो, कुणीतरी मध्ये पडून दोघांचे हात एकमेकांत देतो. सौदा संपला. या सगळ्यात बोकडाचं वजन किती, हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

याच शहरात जाधववाडीच्या बाजार समितीत मका, तूर, कांदा काट्यावर जातो. गंगापूर-वैजापूरचा कापूस क्विंटलवर विकला जातो. दूध डेअरीत गेलं की लिटर मोजतात, वर फॅट आणि एसएनएफ पाहतात. ब्रॉयलर कोंबडीचा जिवंत वजनाचा दर तर रोज जाहीर होतो. तेच बोकड खाटकाच्या दुकानात पोचलं की त्याचं मटण पाव किलोपर्यंत तोलून दिलं जातं. म्हणजे खाणाऱ्यासाठी काटा आहे, फक्त पाळणाऱ्यासाठी नाही. ही रीत बदलली पाहिजे आणि ती बदलणं अवघड नाही.

विसाव्या पशुगणनेनुसार, म्हणजे २०१९ साली, महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. यातला मोठा हिस्सा दोन-चार एकरवाल्यांच्या आणि भूमिहीनांच्या दारात आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर निघाली. एवढ्या जमिनीवर, त्यात पाऊस दगा देणाऱ्या मराठवाड्यात, घर चालतं ते शेळीच्या जोरावर. शाळेची फी, दवाखाना, पेरणीचं बियाणं, यातलं काहीही आलं की दावणीचं एक करडू सुटतं.

आणि करडं जास्तीची होणारच. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. दहा शेळ्या असल्या तर मरतूक वजा जाता वर्षाला आठ-दहा नर हाताशी येतात. कळपाला बोकड लागतो एक, तोही आपल्याच शेळ्यांचा पोरगा नसलेला बरा. उरलेले सगळे विकायचेच. पाटी, म्हणजे तरुण माद्या, कळप वाढवायला ठेवता येतात, पण चारा आणि जागा बघता त्यातल्याही काही काढाव्या लागतात. मेंढपाळाची अडचण तर याहून मोठी. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आता भाव उरला नाही, सगळं उत्पन्न कोकरांवर आलं. फिरत्या वाड्याला नर कोकरं वर्षभर पोसणं परवडत नाही, म्हणून ती तीन-चार महिन्यांतच जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. हे काम मोलाचं आहे. पण जुळी वाढली की विकायची कोकरंही वाढतात आणि विकण्याची रीत मात्र आजोबांच्या काळातलीच राहते.

व्यापाऱ्याला इथे खलनायक करायचं कारण नाही. त्याला टेम्पोचं भाडं आहे, वाटेत जनावर दगावण्याची जोखीम आहे, शहरातल्या खाटकाकडे अडकलेली उधारी आहे. खरा फरक आहे सरावाचा. तो आठवड्याला कित्येक जनावरं हाताळतो. कमरेवर अंगठा ठेवला की त्याला किलो कळतात. शेतकरी वर्षातून चार-पाच वेळा विकतो, तेही बहुधा नडीला. एकाच्या हाताला वजन कळतं, दुसऱ्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याचाच माल आहे.

हा फरक रुपयांत किती होतो, ते दावणीपाशी उभं राहून मोजता येतं. शिंप्याची टेप घ्यावी. बोकडाला सपाट जागी सरळ उभं करावं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजावा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. घेर २६ इंच आणि लांबी २४ इंच असेल तर उत्तर येतं साडेचोवीस किलो. काट्याइतकं अचूक नाही, पण नुसत्या नजरेपेक्षा कितीतरी भरवशाचं.

आता उलटा हिशेब. जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं, म्हणजे या बोकडाचं अकरा-बारा किलो. मटण ८०० रुपये किलो धरलं तर निव्वळ मटणाचेच नऊ हजारांच्या आसपास होतात. मुंडी, पाये, वजडी आणि कातडं वेगळं. यातून व्यापारी, खाटीक, वाहतूक असा सगळ्यांचा वाटा निघायचा आहे, हे मान्य. पण वरचा आकडा माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस एकाच भावाला विकत नाहीत. जिवंत वजनाचा दर किलोला ३५० रुपये धरला, तर अंदाजात चार किलोंची चूक म्हणजे १,४०० रुपये. ही चूक वर्षात आठ बोकडांवर झाली तर ११,२०० रुपये जातात. सरकार योजनेत एक उस्मानाबादी शेळी ८,००० रुपयांना धरतं.

तो आकडा मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये शेळीगटाच्या किमती वाढवल्या, तेव्हा उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळी ८,००० आणि बोकड १०,००० रुपये असा दर ठरला. दहा शेळ्या आणि एक बोकड, विम्यासह १,०३,५४५ रुपये. केंद्राचं राष्ट्रीय पशुधन अभियान तर मोठ्या शेळी-मेंढी प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत अनुदान देतं. मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. १९७८ साली स्थापन झालेलं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखलं जाणारं शेळी-मेंढी विकास महामंडळ आहे आणि त्याचं एक प्रक्षेत्र शहरालगत पडेगावला आहे. जनावर घेऊन देण्याची इतकी व्यवस्था उभी राहिली. त्याच जनावराचं करडू विकायची वेळ येते तेव्हा मात्र शेतकरी एकटाच बाजारात उभा असतो.

काटा नसल्याचा आणखी एक तोटा आहे, तो पैशापेक्षाही लांबचा. सगळ्यात जोमाने वाढलेला बोकड सगळ्यात आधी नजरेत भरतो आणि सगळ्यात आधी विकला जातो. मागे उरतो तो खुरटलेला, न खपलेला, आणि तोच पुढे कळपाला लागतो. चार-पाच वेतं असं झालं की अख्ख्या गावच्या शेळ्या बारीक होतात आणि लोक म्हणतात, आता पूर्वीसारखी जात राहिली नाही. जन्माचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन वहीत लिहिलं, तर कोणता बोकड ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे वहीच सांगते.

बकरी ईदचा बाजार वेगळा, हे खरं. तिथे वजनाबरोबर रूप, शिंगं, रंग यांना दाम मिळतो. कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पुरा आणि निर्दोष लागतो, म्हणून तिथे दात पाहतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. पाच महिन्यांचा गाभणकाळ आणि वर भरलेलं एक वर्ष धरलं, तर त्या बाजारासाठी शेळी किमान सतरा महिने आधी गाभण राहायला हवी. एवढी आखणी करणाऱ्याचा वर्षाचा नफा त्या आठवड्यावर अवलंबून असतो. म्हणूनच २०२५ च्या ईदआधी ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत, असं गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना कळवलं, ते चुकीचं होतं. गोवंश हत्याबंदीचा कायदा आपल्या जागी आहे, पण बाजाराचं फाटक बंद झालं की शेळीवाल्याचाही दिवस बुडतो. टीका झाल्यावर ती सूचना मागे घेतली गेली, हे बरं झालं. अशी वेळ पुन्हा आणू नये.

काट्याला आक्षेप येतील. विकणारे तोलण्याआधी मीठ चारून पाणी पाजतील, पोट फुगवून आणतील. उपाय सोपा आहे: तोलण्याची वेळ सकाळची ठेवावी आणि भरल्या पोटाची घट किती धरायची, हे आधीच ठरवावं. पैदाशीचा बोकड किंवा गाभण शेळी वजनावर जाणार नाही. ती जाऊही नये, तिचा सौदा वेगळा. पण खाटकाकडे निघालेल्या जनावराला हे कोणतंच कारण लागू होत नाही.

दारातल्या शेळीमागे राबणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. पाला तोडणं, करडांना आईखाली सोडणं, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसीची तारीख लक्षात ठेवणं हे तिचं काम. बाजारात मात्र ती दिसत नाही. हातात हात घेऊन, बोटं दाबून चालणाऱ्या सौद्यात तिला जागाच नाही. वजन आणि दर उघडा असला तर व्यापारी दारात आला तरी ती स्वतः व्यवहार करू शकते, आणि आलेल्या पैशातून तिच्या हाती काही राहण्याची शक्यता वाढते. काटा हवा, याला एवढं एक कारणही पुरेसं होतं.

राज्याच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यात शेळ्या-मेंढ्याही नियमित शेतमालाच्या यादीत आहेत. तेव्हा काट्याची मागणी ही कुणाकडे मागितलेली मेहेरबानी नव्हे. लागणार आहे ते इतकंच: एक इलेक्ट्रॉनिक काटा, भोवती लोखंडी जाळी, तोलल्याची छापील पावती, आणि मागच्या बाजारात कोणत्या वजनाच्या बोकडाला, कोकराला किलोमागे काय दर मिळाला हे लिहिलेला एक फळा. पडेगावच्या प्रक्षेत्रातली माणसं पहिले काही आठवडे उभी राहून लोकांना तोलायला शिकवू शकतात. बाजार भरवणारी संस्था बाजार समिती असो, छावणी परिषद असो की ग्रामपंचायत, जनावरामागे पावती ती फाडतेच. त्या पैशातून येत्या बकरी ईदच्या आधी छावणीत, आणि मग पैठण, कन्नड, सिल्लोडच्या बाजारात, एकेक काटा बसवावा. तोवर शेतकऱ्यांनी शिंप्याची टेप खिशात ठेवावी आणि वजन माहीत झाल्याशिवाय हातात हात देऊ नये.