टीव्ही ८ टक्के स्वस्त झाला, पण सेटअपमध्ये 'ॲग्री' दाबण्याआधी हे वाचा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून मित्र आणि भावंडं मला एकच प्रश्न विचारतायत : "४३ इंची घेऊन टाकू का?" माझं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. पण आधी थोडा हिशेब.

कर १० टक्क्यांनी घटला म्हणजे किंमतही १० टक्क्यांनी घटली, असं होत नाही. जुन्या ४०,००० च्या टीव्हीची करापूर्वीची किंमत ३१,२५०. त्यावर १८ टक्के लावले की होतात ३६,८७५. म्हणजे खरी घट ७.८ टक्के. ३२ इंचीवर तर २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे, त्यामुळे '३२ इंचीवर जीएसटी कपात' असा बोर्ड दिसला तर ती सूट दुकानदाराची, सरकारची नाही. त्यात २०२५ च्या शेवटी मेमरी चिप महागल्या (एआय सर्व्हरची भूक!), डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला आणि टीव्ही कंपन्यांनी दरवाढीचे संकेत दिले. स्वस्त मॉडेलमध्ये अशा वेळी काटछाट रॅमवर होते. १ जीबी रॅमचा टीव्ही घेऊ नका, यूट्यूब उघडतानाच तो धापा टाकायला लागतो. निदान २ जीबी हवीच.

४के बद्दल फार हळवं होऊ नका. ४३ इंची स्क्रीनपासून साधारण पावणेदोन मीटरपेक्षा लांब बसलात तर फुल एचडी आणि ४के मधला फरक सामान्य डोळ्याला जवळपास कळत नाही. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, अंतर सहज अडीच मीटर. तिथे पिक्सेलपेक्षा ब्राइटनेस आणि पॅनेलचा दर्जा जास्त दिसतो.

आता खरा मुद्दा. मोठी स्क्रीन इतकी स्वस्त परवडते कशी? एक कारण म्हणजे विकल्यानंतरही तो टीव्ही कमावत राहतो. अमेरिकेत वॉलमार्टने २०२४ मध्ये व्हिझिओ ही टीव्ही कंपनी २३० कोटी डॉलरला घेतली, ती मुख्यतः तिच्या जाहिरातींच्या धंद्यासाठी. याच व्हिझिओने २०१७ मध्ये, न विचारता प्रेक्षकांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २२ लाख डॉलर भरले होते.

या तंत्राचं नाव एसीआर, म्हणजे ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन. शझाम जसं गाणं ओळखतं तसं हे चित्र ओळखतं. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा छोटासा 'ठसा' काढून सर्व्हरवर पाठवायचा, तिथल्या साठ्याशी ताडून बघायचा, आणि या घरात काय पाहतात ते नोंदवायचं. यात फक्त टीव्हीतली ॲप येतात असं समजू नका. एचडीएमआयला लावलेला सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल, लॅपटॉप यांचं चित्रही टिपलं जाऊ शकतं, हे २०२४ मध्ये काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी तपासून दाखवलं. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सॅमसंग, सोनी, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल यांच्यावर याच कारणासाठी खटले भरले. दर ५०० मिलिसेकंदांनी स्क्रीन टिपली जाते, असा त्यात आरोप आहे.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण संमतीची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. तोवर राखण आपली आपणच करायची.

ती करायची जागा म्हणजे पहिल्या दिवशीचा सेटअप. इन्स्टॉल करायला आलेला माणूस घाईत असतो, तो सगळीकडे भराभर 'ॲग्री' दाबून मोकळा होतो. रिमोट त्याच्याकडून घ्या. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो, कुठलं बटण मोठं आणि रंगीत ठेवायचं यावर मीटिंगा होतात! मुख्य अटी मान्य कराव्याच लागतात, पण पाहण्याची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती यांच्या चौकटी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. त्या मोकळ्या सोडा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' ही नावं शोधा. गूगल टीव्हीवर प्रायव्हसीमध्ये जाऊन जाहिरातींचा आयडी काढून टाका, आणि शिफारशींचा कंटाळा आला तर 'ॲप्स ओन्ली मोड' लावा. त्याच संशोधकांना असंही दिसलं की नकार दिल्यावर एसीआरची पाठवापाठवी थांबते. म्हणजे हा नकार उपयोगी पडतो.

टीव्ही आधीच भिंतीवर लागला असेल तरी हे सगळं सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतं. गावी आईबाबांच्या टीव्हीवरही पुढच्या सुट्टीत पाच मिनिटं काढा. मोठं सॉफ्टवेअर अपडेट आलं की एकदा पुन्हा बघा, कारण नव्या अटींसोबत तोच प्रश्न पुन्हा विचारला जाऊ शकतो.