कोय लावा, पण तिच्यावर कलम करा

आंब्याचे दिवस सरत आले की आपल्या घराघरांतून एक गोष्ट हमखास घडते. लंगडा किंवा दशहरी चवीने खाल्ला, की घरातले मूल ती कोय अंगणात पुरते. पुढे तांबूस पालवी फुटली की सारे घर हरखून जाते. हा आनंद आम्हीही घेतला आहे. आमच्या लंगड्याच्या कोयीला नवव्या वर्षी फळ धरले; ते निघाले आंबट आणि रेषाळ! नऊ वर्षे पाणी घातले, ते लोणच्यासाठी.

यात दोष कोणाचाच नव्हता. लंगडा, दशहरी, हापूस यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यात आईबरोबर बापझाडाचाही अंश येतो. म्हणून रोप आईसारखे निघेलच असे नाही. केरळकडील ओलूर, चंद्रकारन अशा काही जातींच्या एका कोयीतून अनेक अंकुर येतात व ते बहुधा मातृवृक्षासारखेच असतात. आपल्याकडील लंगडा-दशहरीचे तसे नाही.

मग कोय लावूच नये काय? आमचे मत उलट आहे. कोय अवश्य लावावी, आणि जेथे झाड हवे तेथेच लावावी. पिशवीतल्या रोपाचे सोटमूळ वळते किंवा काढताना तुटते. जागेवर रुजलेल्या कोयीचे मूळ सरळ खोल जाते. उज्जैनकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा हेच खोल मूळ झाडाला तारते.

कोय ताजीच लावावी. महिनाभरात तिची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. वरचे टणक कवच जपून काढल्यास अंकुर लवकर येतो व आत कीड आहे काय, तेही कळते. मीटरभर खड्डा घेऊन शेणखत व माती भरावी. जागा थोडी उंच ठेवावी, कारण काळ्या मातीत पाणी साचले की मूळ कुजते. दोन-तीन कोयी लावून जोमदार रोप तेवढे राखावे.

खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात, खात्रीच्या झाडाची काडी आणून पाचर कलम करावे. स्वतःला जमत नसल्यास जाणत्या माळ्याला बोलवावे. कलमाखालून येणारी फूट मात्र वेळोवेळी काढावी, नाहीतर आंबट झाडच वर चढेल. असे झाड चार-पाच वर्षांत फळू लागते. पिकल्या आंब्यातून मुलांना डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्वही मिळते.

कलमाची ही रीत आपल्याला परकी नाही. सोळाव्या शतकात गोव्यात जेझुइट मिशनऱ्यांनी ती आंब्यावर रुजवली आणि हापूस, मानकुराद या जाती टिकल्या, पसरल्या. पण कलमाला काडी देणारे पहिले झाड कोयीचेच असते. दशहरीचे मूळ झाडही लखनौजवळच्या दशहरी गावी कोयीतूनच उगवलेले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: अंगणातल्या एकुलत्या जागेवर नशिबाची परीक्षा पाहू नका, तेथे कलम करा. बांधावर जागा असेल तर मात्र एखादी कोय तशीच वाढू द्या. गोड निघाली तर गावाला नवा आंबा मिळेल. आंबट निघाली तरी सावली, लोणचे आणि उन्हाळ्यात पन्हे आहेच.