आधी पोटदुखीवर इलाज हवा

स्वमग्न मूल पोट दुखत असल्याचे सांगत नाही. पुष्कळदा ते सांगूच शकत नाही. ते भिंतीवर डोके आपटते, रात्र रात्र जागते, पलंगाच्या कडेवर पोट दाबून पडून राहते. पालक त्याला डॉक्टरांकडे नेतात आणि ‘ऑटिझममध्ये असे व्हायचेच’ हे उत्तर घेऊन परततात. वास्तविक बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी या तक्रारी अशा मुलांत अधिक आढळतात. त्यांची तपासणी इतर मुलांइतक्याच काळजीने व्हावी, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने २०१० मध्येच एकमताने म्हटले होते. ती होत नाही, तिथेच आतड्यातील सूक्ष्मजीव बदलून स्वमग्नता घालवण्याच्या आश्वासनाला वाव मिळतो.

या आश्वासनामागे विज्ञान मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ७ ते १६ वयोगटातील १८ स्वमग्न मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे व्हॅन्कोमायसिन, मग आतड्यांची सफाई आणि त्यानंतर निरोगी दात्यांच्या विष्ठेतून वेगळे केलेले सूक्ष्मजीव सात-आठ आठवडे, असा तो उपचार होता. पोटाच्या तक्रारी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या, वर्तनातही सुधारणा नोंदली गेली. दोन वर्षांनंतरही बराचसा लाभ टिकून होता. मात्र मुलाला खरा उपचार मिळतो आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक होते. तुलनेसाठी नुसते नावाचे औषध घेणारा गटच नव्हता. आणि वर्तनातील बदलाची नोंद बव्हंशी पालकांच्याच सांगण्यावरून होते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा प्रश्नही सुटलेला नाही. ऑस्ट्रेलियात स्वमग्न व इतर अशा २४७ मुलांचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सूक्ष्मजीवांतील फरकाचा संबंध मुख्यतः आहाराशी होता. मूल मोजकेच पदार्थ खाते, म्हणून आतड्यातील सृष्टी आक्रसते. तसे असेल, तर उपचाराची दिशाच उलटी ठरते.

धोकाही काल्पनिक नाही. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या दोन रुग्णांना एकाच दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झाला आणि त्यांतील एक दगावला, असा इशारा अमेरिकी औषध नियामकाने २०१९ मध्ये दिला. याच नियामकाने २०२२ व २०२३ मध्ये विष्ठेपासून बनवलेल्या दोन औषधांना मान्यता दिली, पण ती केवळ प्रौढांसाठी आणि पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या सी. डिफिसिल संसर्गापुरती. ‘नैसर्गिक’ या शब्दाला आपल्या बाजारात भलताच भाव आहे; हे जिवाणूही नैसर्गिकच होते.

आपण या वाटेने एकदा गेलो आहोत. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार देशात वर्षानुवर्षे विकला गेला. त्याची शिफारस करता येत नाही आणि त्याचा प्रचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितले ते डिसेंबर २०२२ मध्ये. तोवर असंख्य कुटुंबांची पुंजी खर्ची पडली होती. त्या पालकांना भोळे ठरवणे मला अन्यायाचे वाटते; दुसरे दार उघडे नसेल, तर माणूस आहे त्याच दारात उभा राहतो.

म्हणून या वेळी केंद्रीय औषध नियामकाने बाजार तयार होण्यापूर्वीच बोलावे. स्वमग्न मुलांतील सूक्ष्मजीव-प्रत्यारोपण २०१९ च्या चिकित्सा चाचणी नियमांखाली, नोंदणीकृत चाचणीतच आणि पालकांकडून एक रुपयाही न घेता व्हावे. अशा चाचण्या भारतात जरूर व्हाव्यात. आपला आहार निराळा आहे, तेव्हा उत्तरेही निराळी येऊ शकतील. प्रोबायोटिकच्या डब्यांवरून स्वमग्नता बरी करण्याचे दावे कुणी करत असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला चाप लावावा.

पोटाच्या तपासणीला मात्र कोणत्याही चाचणीची वाट पाहायला नको. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऑटिझमचा समावेश आहे आणि जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्याचाच भाग आहेत. तिथे येणाऱ्या प्रत्येक स्वमग्न मुलाच्या शौचाची आणि आहाराची नोंद ठेवावी, पोट हाताने तपासावे, बद्धकोष्ठ आढळल्यास साधे रेचक व आहारतज्ज्ञाचा सल्ला तिथेच मिळावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. केंद्राच्या तपासणी-तक्त्यात चार ओळी वाढवाव्या लागतील.