विश्लेषण : विद्यापीठ बदलले, तर मिळवलेले श्रेयांक कुठे जातात?

पनवेलहून रत्नागिरीला निघालेली गाडी रोह्याला आली की रेल्वे बदलते. तिथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. दोन वेगळ्या यंत्रणा, दोन वेगळे हिशेब. तरी रोह्याला कोणी प्रवाशाला खाली उतरवून पनवेलपासून पुन्हा तिकीट काढायला लावत नाही. उच्च शिक्षणातही असेच होईल, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगते. एका विद्यापीठात शिकून मिळवलेले क्रेडिट, म्हणजे शासकीय मराठीत ‘श्रेयांक’, दुसऱ्या विद्यापीठात सोबत नेता येतील, अशी ही योजना आहे. त्यासाठी खाते उघडण्याची सोय झाली, प्रत्येकाला क्रमांक मिळाला. पण नव्या विद्यापीठाने ते श्रेयांक धरलेच पाहिजेत, असा हक्क मात्र विद्यार्थ्याला मिळालेला नाही. सगळी अडचण या फरकात आहे.

ती कोणाला सोसावी लागते, हे पाहायला धरमतरच्या खाडीच्या अल्याडपल्याड नजर टाकली तरी पुरे. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, धाटावची औद्योगिक वसाहत. इथे नोकरीसाठी आलेली कुटुंबे बदलीवर निघून जातात आणि पदवीच्या मधल्या वर्षात असलेल्या मुलांना सोबत नेतात. मुंबईत खोलीचे भाडे परवडेना म्हणून वर्षभरात पेणला परतणारा मुलगा असतो. लग्न होऊन रोह्याहून पुण्याला गेलेली मुलगी असते. कॉलेज बदलून पेणहून अलिबागला किंवा पनवेलला जायचे असेल तर प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण सगळा रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठ बदलले की मात्र गणित बिघडते आणि बिघडलेल्या गणिताची किंमत बहुतेक वेळा एक आख्खे वर्ष असते.

श्रेयांक मोजतात कसे?

थोडक्यात सांगायचे तर श्रेयांक म्हणजे अभ्यासाला दिलेल्या वेळेचे माप. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे अभ्यासाचे ३० तास धरले जातात. त्यात वर्गातले तास येतात आणि वर्गाबाहेरचेही. महाराष्ट्र सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार पदवीच्या एका वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. पेण-रोह्यासारख्या गावांतल्या कॉलेजांपर्यंत ती पोहोचली ती या दुसऱ्या टप्प्यात.

ही ‘बँक’ म्हणजे नेमके काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली काढली. डिजिलॉकरमधून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून खाते उघडले की बारा अंकी क्रमांक मिळतो. आता तोच ‘अपार’ या ओळख क्रमांकाशी जोडला गेला आहे. विद्यार्थ्याला स्वतःची गुणपत्रिका तिथे चढवता येत नाही. ते काम शिक्षणसंस्थेनेच करायचे. संस्थेने उशीर केला तर परीक्षा पास होऊनही खाते रिकामे दिसते.

(एक योगायोग असा, की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले चिंतामणराव देशमुख हे आपल्याच रायगड जिल्ह्यातले, रोह्याशी घरचे नाते असलेले. बँक आणि आयोग ही जोडी इथल्या लोकांना तशी अनोळखी नाही.)

‘बँक’ या शब्दामुळे मात्र गैरसमज होतो. पासबुकात नोंद असणे आणि हातात पैसे पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेणकरांना वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा हजारो ठेवीदारांच्या पुस्तकात आकडे होते आणि काउंटरवर काहीच नव्हते. श्रेयांकांच्या बँकेत घोटाळा आहे, असे अजिबात म्हणायचे नाही. पण इथेही खात्यावर ४४ श्रेयांक दिसतात म्हणून नवे विद्यापीठ ४४ धरेलच असे नाही. बँक फक्त नोंद ठेवते. त्या नोंदीची किंमत काय धरायची, ते घेणारी संस्था ठरवते.

मग अडते कुठे?

समजा, रोह्याच्या एका मुलीने मुंबई विद्यापीठात बी.कॉम.चे पहिले वर्ष पूर्ण केले आणि तिला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जायचे आहे. दोन्ही विद्यापीठे एकाच शासन निर्णयाने बांधलेली, वर्षाचे श्रेयांकही जवळपास सारखे. तरी गोची होते, कारण श्रेयांक सुटे नसतात, ते कप्प्याकप्प्यांत असतात. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक, व्यवसाय-कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम. कोणता पेपर कोणत्या सत्रात ठेवायचा आणि त्यात काय शिकवायचे, हे त्या-त्या विद्यापीठाचे अभ्यासमंडळ ठरवते. एका ठिकाणी पहिल्या सत्रात असलेला पेपर दुसरीकडे तिसऱ्या सत्रात असू शकतो. इथला खुला ऐच्छिक विषय तिथल्या मुख्य विषयाच्या कप्प्यात बसत नाही. एकूण बेरीज पुरते, पण कप्पे भरत नाहीत. मग ‘हा पेपर पुन्हा द्या’ असे सांगितले जाते.

दुसरा अडसर खुद्द नियमावलीतच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या संस्थेकडून पदवी घ्यायची, तिथे किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. १३२ श्रेयांकांच्या पदवीत निम्मे म्हणजे ६६. दोन वर्षे पूर्ण करून ८८ श्रेयांक मिळवलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलायला निघाला आणि हा नियम जसाच्या तसा लावला, तर त्याचे ६६ च श्रेयांक धरता येतील. उरलेले २२ म्हणजे एका सत्राची मेहनत. त्याला दोनऐवजी तीन सत्रे काढावी लागतील. विद्यापीठ बदलायचेच असेल तर पहिल्या वर्षानंतर बदललेले बरे, हे साधे शहाणपण या आकडेमोडीतून निघते. पण वडिलांची बदली किंवा घरातले आजारपण सत्र पाहून येत नाही.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मुलींना फार छळते. खाते आधारवर उघडते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव येते. लग्नानंतर आधारवरचे नाव बदललेले असते. तीन कागदांवर तीन नावे झाली की नोंद जुळत नाही. त्यामुळे कागदपत्रे जमवून ही नावे आधी जुळवून घ्यावी लागतात.

जिथे हे जमते, तिथे का जमते?

आपल्याकडे श्रेयांकांचे हस्तांतरण वर्षानुवर्षे सुरळीत चालले आहे, फक्त त्याला ते नाव नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला मुलगा थेट अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो. आयटीआय झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. त्याचा एकेक पेपर घेऊन कोणी ताडून पाहत बसत नाही. इथल्या कारखान्यांत अशा वाटेने वर चढलेले अनेक जण भेटतील. हे जमते, कारण समकक्षतेचा निर्णय राज्याने आधीच, सगळ्यांसाठी, लेखी करून ठेवला आहे. अर्ज करण्यापूर्वी मुलाला ठाऊक असते की आपण कुठे बसणार.

युरोपातही हाच धडा आहे. तिथली सामायिक श्रेयांक पद्धत १९८९ मध्ये इरॅस्मस योजनेत प्रयोग म्हणून सुरू झाली. वर्षाला ६० श्रेयांक. पण त्या पद्धतीचे खरे बळ त्या आकड्यात नाही. विद्यार्थी निघण्यापूर्वी तो स्वतः, पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था अशा तिघांच्या सह्यांचा करार होतो, त्यात आहे. कोणते पेपर धरले जाणार, ते आधीच ठरते. उलट अमेरिकेत हा निर्णय बव्हंशी घेणाऱ्या संस्थेवर सोडलेला आहे. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. आपण नावापुरते युरोपसारखे आहोत आणि व्यवहारात अमेरिकेच्या वाटेने निघालो आहोत, असे माझे मत आहे.

विद्यापीठांची बाजू अगदीच चूक नाही. पदवीवर ज्यांचा शिक्का, त्यांना दर्जाची काळजी असणारच. कुठल्या तरी कॉलेजात सढळ हाताने वाटलेले श्रेयांक डोळे मिटून धरा, असे कोणी म्हणू नये. पण दर्जाची शंका असेल तर ती प्रवेशापूर्वी आणि कारणासह सांगितली पाहिजे. राज्यातल्या विद्यापीठांनी निदान बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे एकमेकांचे समकक्षता तक्ते करून संकेतस्थळावर टाकावेत. एकाच शासन निर्णयातून निघालेल्या अभ्यासक्रमांचे तक्ते करणे फार अवघड नाही. अर्जावर निर्णयासाठी मुदत असावी आणि ती प्रवेश बंद होण्याच्या आधीची असावी. आज ओझे सगळे विद्यार्थ्याच्या डोक्यावर आहे. टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, अभ्यासक्रमाची प्रत घेऊन तो खिडक्या फिरतो आणि जुना प्रवेश रद्द केल्यावर त्याला कळते की निम्मे पेपर धरले गेलेले नाहीत.

विद्यार्थ्याने काय सांभाळावे?

हे बदलेपर्यंत विद्यापीठ बदलू पाहणाऱ्याने क्रम उलटा ठेवावा. आधी नव्या महाविद्यालयाकडून ‘तुमचे इतके श्रेयांक, या-या पेपरांचे, धरले जातील’ हे लेखी घ्यावे आणि मगच जुना प्रवेश सोडावा. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम शिक्क्यासह त्याच वर्षी घेऊन ठेवा. दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुनी प्रत शोधताना दमछाक होते. डिजिलॉकरमध्ये श्रेयांक दिसतात का, हे निकालानंतर लगेच पाहा आणि दिसत नसतील तर कॉलेजातच असताना तक्रार करा. ‘स्वयम्’वरचे ऑनलाइन पेपर करत असाल तर नावनोंदणीआधी कॉलेजची मान्यता घ्या. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे पेपर तिथून घेण्याची मुभा आहे, पण कोणते पेपर धरायचे ते संस्थाच ठरवते.

आणि एका वर्षानंतर शिक्षण थांबवणार असाल तर नुसत्या पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांवर प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी चार श्रेयांकांचा वेगळा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. ही अट अनेकांना बाहेर पडल्यावर कळते.

सात वर्षांची मुदत

श्रेयांक बँकेत कायमचे राहत नाहीत. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. मध्येच बाहेर पडा आणि हवे तेव्हा परत या, ही सोय मुख्यतः ज्यांच्यासाठी म्हणून सांगितली गेली, त्यांत लग्न, बाळंतपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे शिक्षण सोडणाऱ्या मुली मोठ्या संख्येने आहेत. विसाव्या वर्षी थांबलेली बाई मूल शाळेत जायला लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेते, तेव्हा सात वर्षे सहज उलटलेली असतात. पेण-रोह्यातल्या संलग्न कॉलेजांतून नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे श्रेयांक मिळवलेली पहिली तुकडी २०२५ ची. त्यातून बाहेर पडलेल्यांच्या श्रेयांकांची मुदत २०३२ मध्ये संपेल. ती वाढवायची की नाही, हे आयोगाने त्याच्या आत ठरवायला हवे.