तांबडे शिंगरू

दर दिवाळीला या पानावर मी भाषेविषयी काहीतरी लिहितो. यंदा घोड्यांविषयी लिहिणार म्हटल्यावर संपादकांनी फोनवर क्षणभर मौन पाळले. मराठीच्या मास्तराचा आणि घोड्याचा संबंध काय, असे त्यांना वाटले असावे. संबंध आहे, आणि तो मुद्रितशोधनाचा आहे. पण आधी शिंगराची हकीकत सांगतो.

माझे आजोळ खानदेशात, तापीकाठी. आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा टांगा होता आणि टांग्याला काळीभोर घोडी होती. गावात दुसरा काळा घोडा नानांचा. नाना आबांचे बालमित्र. दोघांनी शाळा एकाच दिवशी सोडली, असे दोघेही अभिमानाने सांगत. घोडी नानांच्याच घोड्याला दाखवून आणायची, हा शिरस्ता. आधीची दोन्ही शिंगरे काळी निपजली होती आणि सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांना चांगला भाव आला होता.

तिसरे शिंगरू 1989 साली झाले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ते राखाडीही नव्हते आणि काळेही नव्हते, मळकट तांबूस होते. "जावळ गळू दे, मग बघू," आबा म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. काळ्या घोड्याचे शिंगरूसुद्धा पुष्कळदा जन्मतः उंदराच्या रंगाचे असते आणि पहिले केस गळाल्यावर काळे दिसू लागते. पण याचे जावळ गळाले आणि आतून निघाले ते घासलेल्या तांब्यासारखे लखलखीत शिंगरू! मला ते फार आवडले. आबांनी मात्र दोन दिवस कोणाशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर, चार माणसांदेखत, ते नानांना म्हणाले, "आपल्या घोड्याचे पैसे घेतलेस आणि दुसऱ्याच कुणाचा घोडा लावलास."

नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, रुमालात बांधलेले दोनशे रुपये माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आबांना दे. म्हणावं, घोडा माझाच होता. खोट असेल तर तुमच्या घोडीत असेल." मी निरोप जसाच्या तसा सांगितला. नऊ वर्षांच्या पोराला गाळून सांगण्याची अक्कल कुठून असणार? आबांनी पैसे ठेवून घेतले आणि रुमाल तेवढा परत पाठवला. त्यानंतर ते दोघे पाराच्या दोन टोकांना बसत. आबा गेले तेव्हा नाना आले होते. पण अंगणात न येता रस्त्यातच, पलीकडच्या लिंबाखाली उभे राहिले. पुढे तेही गेले.

गेल्या वर्षी ही हकीकत मी आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना डबा खाताना सांगितली. मला वाटले होते, त्या हळहळतील. त्यांनी विचारले, "सर, शेपटी कोणत्या रंगाची होती?"

मी म्हटले, "शेपटीचे काय घेऊन बसलात?"

"सगळे शेपटीवरच आहे," म्हणून बाईंनी माझ्याच एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर मला घोडा शिकवला.

घोड्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच, काळे आणि तांबडे. काळे तयार करा, असा हुकूम देणारे एक जनुक असते. शास्त्रज्ञ त्याला एमसीवनआर म्हणतात. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. तांबड्या घोड्यांत या जनुकाचे एकच अक्षर बदललेले असते, हे 1996 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. एका अक्षराची चूक! मुद्रिते तपासताना माझ्याही हातून सुटते. पण एक प्रत शुद्ध असली की काम भागते, घोडा काळे द्रव्य तयार करतो आणि चुकीची प्रत मुकाट्याने पोटात राहते. 'सोऽहम्'मधला 'अ' असाच असतो. उच्चारात नाही, पण विग्रह केला की जिथल्या तिथे हजर. दोन्ही प्रती चुकीच्या मिळाल्या, तरच शिंगरू तांबडे होते.

म्हणजे दोन काळ्या घोड्यांच्या पोटी तांबडे शिंगरू येऊ शकते. दोघांच्याही पोटात एकेक चुकीची प्रत असेल, तर दर खेपेला चारांत एक ही शक्यता. आणि आधीची दोन काळी? तशा जोडप्याला पहिली दोन्ही शिंगरे काळी होण्याची शक्यता सोळांत नऊ, म्हणजे निम्म्याहून अधिक. आबांचा सगळ्यांत भक्कम पुरावा तो हा! उलट दोन तांबड्यांच्या पोटी मात्र काळे कधी येणार नाही. जे दोघांकडेही नाही, ते देणार कोठून?

"पण शेपटी?" मी विचारले.

अंग तांबडे आणि आयाळ, शेपटी व पाय काळे, अशा घोड्याला आपण कुमैत म्हणतो. कुमैत घोड्यात दुसरे एक जनुक काळ्या रंगाला अंगावरून हटवून कडेला बसवते. खरोखर काळ्या घोड्यात हे जनुक बिघडलेले असते, त्यातली अकरा अक्षरे गळालेली असतात. हे 2001 साली कळले. दोन खऱ्या काळ्यांकडे ते धड नसतेच, म्हणून त्यांच्या पोटी कुमैत जन्मत नाही. शेपटी काळी असती, तर आबांचा संशय खरा ठरला असता.

मी गप्प झालो. पस्तीस वर्षांपूर्वीची शेपटी कशी आठवावी? आणि एकाएकी माझे लक्ष माझ्याच उजव्या तर्जनीकडे गेले. तिथे लहानपणी चामखीळ होती. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि आमच्या घोडीचे केस न्यायला गावातली माणसे येत. त्या दिवशी घोडी टांग्याला जुंपून स्टेशनवर गेलेली, म्हणून आजीने वर्षाच्या झालेल्या शिंगराचा केस उपटला. आणि बांधताना कुरकुरली, "तांबड्या केसानं कुठं चामखीळ जाते?"

शेपटी तांबडी होती.

"मग नाना निर्दोष!" मी जवळजवळ ओरडलो. बाईंनी डब्याचे झाकण लावले. "तसे सिद्ध होत नाही, सर. तांबडा घोडा लावला असता तरी शिंगरू तांबडे होऊ शकले असते. नानांविरुद्ध पुरावा नाही, एवढेच. खात्रीची गोष्ट एकच. बाप कोणीही असो, एक चुकीची प्रत तुमच्या आजोबांच्या घोडीकडून आली."

मार्गशीर्षात दत्तजयंतीला मी मुद्दाम सारंगखेड्याला गेलो. एकमुखी दत्ताचे दर्शन घेतले आणि घोड्यांच्या बाजारात नानांच्या मुलाला गाठले. तो वरातीसाठी घोडी शोधत होता आणि एका काळपट शिंगरापाशी रेंगाळला होता. "याच्या डोळ्याभोवती पांढरे केस आलेत, हे पुढे पांढरे होणार," तो म्हणाला. बाईंच्या कृपेने मलाही ते ठाऊक होते. अशा घोड्यांत सेहेचाळीसशे अक्षरांचा एक मजकूर दोनदा छापला गेलेला असतो; 2008 मध्ये सापडला. घोडा रंगीत जन्मतो आणि काही वर्षांत पांढरा होतो; मात्र पंधरा वर्षे ओलांडलेल्या अशा घोड्यांपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांना कातडीवर रंगपेशींच्या गाठी येतात. ते ऐकून त्याने शिंगराच्या शेपटीखाली हात फिरवला. गाठी तिथेच आधी येतात, हे त्याला माझ्याआधीपासून माहीत होते.

मग मी त्याला तांबड्या शिंगराचे सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"आमचे नाना शेवटपर्यंत म्हणायचे, घोडीत तांबडं आहे."

"होते," मी म्हटले. "आणि घोडा तुमचा असेल तर त्याच्यातही."

"मग ते दोनशे रुपये कोणाचे?"

याचे उत्तर बाईंनी मला शिकवले नव्हते. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि पैसे कोणी द्यायचे यावरून आमची बरीच ओढाताण झाली.