पांडा गेला, बरे झाले!

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचक निवांत बसलेला असतो. त्याच्या तोंडात कडू घास कोणी घालावा? पण नरकचतुर्दशीला पायाखाली कडू कारीट फोडल्यावाचून आपली दिवाळी सुरू होत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा वाचकांनी माझा हा लेख कारिटाच्या जागी धरावा, आणि मग खुशाल करंजीकडे वळावे.

गोष्ट अशी झाली. २०२६ च्या जानेवारीत टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील श्याओ श्याओ आणि लेई लेई ही पांडांची जुळी भावंडे चीनला परत गेली. १९७२ नंतर प्रथमच जपानात एकही पांडा उरला नाही. निरोपाच्या दिवसासाठी पास सोडतीने काढावे लागले; ४,४०० जागा आणि अर्ज लाखाच्या वर. पास न मिळालेलीही माणसे दाराशी येऊन उभी राहिली. बायाबापड्या, पोक्त पुरुष, सगळे डोळ्यांना रुमाल लावून रडत होते. ती छायाचित्रे आमच्याकडेही छापून आली. आमच्या शाळेतल्या एक बाई ते पान घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “सर, किती कोवळ्या मनाची माणसं ही! उद्या पाचवीच्या वर्गात हे वाचून दाखवा ना.”

मी म्हणालो, “नाही दाखवणार. पांडा गेला, बरे झाले.”

त्या दिवसापासून आमच्या शाळेत मी पाषाणहृदयी ठरलो आहे. त्याचा हा खुलासा.

प्रथम कबुली देऊन टाकतो, म्हणजे कोणी ती उलटतपासणीत काढायला नको. मी उएनो पाहिलेले नाही. जे जाणतो ते वाचून. पण अंदमान न पाहता आपण अंदमानवर निबंध लिहवून घेतोच की!

उएनो ही मुळात एक टेकडी. तिच्यावर १६२५ साली कानएइजी नावाचे मोठे मंदिर उभे राहिले, आणि ते स्थापणाऱ्या तेन्काई या भिक्षूने योशिनोच्या डोंगरातून चेरीची झाडे आणून तेथे लावली. १८६८ च्या लढाईत मंदिराचा बराच भाग जळाला. १८७३ साली तेथे सार्वजनिक बाग झाली. १८८२ साली बागेत प्राणिसंग्रहालय आले, जपानातले पहिले. मार्च संपता संपता त्या बागेतल्या मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची चेरी फुलते. कागदी कंदील टांगतात. झाडाखाली चटया अंथरून लोक डबे उघडतात, पितात, गातात. याला ते ‘हानामी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा, फूल पाहणे. आठवडाभरात पाकळ्या गळून जातात. तो रस्ता चालत गेले की पुढे प्राणिसंग्रहालयाचे दार. तेव्हा फुले पाहावीत आणि मग पांडा पाहावा, असा वसंताचा जोडबेत टोकियोतील घरोघरी पन्नासएक वर्षे ठरत आला. स्टेशनात पांडा, पावात पांडा, बिस्किटाच्या डब्यावर पांडा. आपल्याकडे जत्रेला जसा पाळणा, तसा तेथे पांडा.

फुलांशी माझे वैर नाही. त्या रस्त्यावरची चेरी बहुतांशी सोमेइ-योशिनो जातीची, म्हणजे कलमी. एकाच झाडाच्या काड्या पुन्हा पुन्हा बांधून वाढवलेली. म्हणून तर सारी झाडे एकाच वेळी फुलतात. आमच्या कोकणातला हापूससुद्धा कलमीच, आणि त्याच्याविरुद्ध मी एक अक्षर बोलू देणार नाही. फुलाकडे लाखभर माणसांनी पाहिले तरी फुलाचे काही बिघडत नाही. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, आणि आपल्याकडे कोणी पाहते आहे ही जाणीव नाही. माझी तक्रार इतकीच की त्याच उत्सवात, त्याच तिकिटात, त्याच डोळ्यांनी आपण एका अस्वलाला पाहतो. पांडा हे अस्वलच आहे; आपण त्याला फूल समजतो.

आता या अस्वलाचा वसंत कसा असतो ते ऐका. पांडा एकटा राहणारा प्राणी. डोंगरातल्या बांबूच्या बनात दिवसाचा बहुतेक वेळ खाण्यात काढावा, दुसऱ्या पांडाची वाट टाळावी, झाडाच्या बुंध्यावर आपला वास ठेवून पुढे जावे, असा त्याचा संसार. वर्षातून एकदा, वसंत ऋतूत, मादी माजावर येते, आणि तिचे खरे फळते दिवस किती? दोन, फार तर तीन. त्या दोन-तीन दिवसांत नर तिच्यापर्यंत पोचला तर पोचला. नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. साऱ्या वर्षातला तिचा सण एवढाच. आणि तो येतो केव्हा? बाहेर कंदील टांगायची वेळ जवळ आलेली असते तेव्हा!

उएनोच्या माणसांना हे ठाऊक होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. री री आणि शिन शिन या जोडीची वेळ आली की ते पांडांचे दर्शन बंद करीत. २०१७ च्या फेब्रुवारीअखेर असेच दर्शन बंद होते. जूनमध्ये शांग शांग जन्मली. २०२१ साली तर पांडांचे घरच नव्हे, साथीमुळे अवघे प्राणिसंग्रहालय महिनोन्महिने बंद होते. त्या सामसूम बागेत मार्चच्या ६ तारखेला जोडी जमली, आणि २३ जूनला उएनोच्या इतिहासातली पहिली जुळी जन्माला आली. ज्यांना निरोप देताना लोक रडले ते हेच श्याओ श्याओ आणि लेई लेई. गर्दीच्या या लाडक्यांचा जन्म गर्दी नसतानाचा! दार बंद होते म्हणूनच जुळी झाली असे मी म्हणत नाही. माझे शास्त्राचे ज्ञान शाळामास्तराचे आहे. पण उएनोच्या साऱ्या वसंतांतून एक चित्र वर्गाच्या भिंतीवर लावायचे झाले, तर मी फुलांचे लावणार नाही, आणि काळ्या-पांढऱ्या गुबगुबीत चेहऱ्याचेही नाही. ‘आज पांडा दिसणार नाही’ ही पाटी लावीन. त्या बागेत त्या प्राण्याचा मान कोणी राखला असेल, तर तो त्या पाटीने.

फुलांचेच म्हणाल, तर पांडाला फुलांची भीती वाटली पाहिजे. बांबू फुलला की मरतो. कळकाला फुलोरा आला की दुष्काळ, असे आपल्याकडेही म्हातारी माणसे सांगतात. चीनच्या मिन डोंगररांगांत १९७५ च्या सुमारास बांबूचे फुलोरे आले, बने वाळली, आणि नंतर शोध घेतला तेव्हा १३८ पांडा मेलेले सापडले. पूर्वी एक बन वाळले की पांडा दुसऱ्या डोंगरात जात. मधल्या खोऱ्यांत माणसाची शेते आणि वस्त्या झाल्या, वाट मोडली. असा ज्याच्या जातीचा फुलांशी संबंध, त्याला आपण फुलांच्या उत्सवाचे मखर केले!

बाईंचे म्हणणे असे की हे सारे खरे, पण प्रेम तरी खरे ना? आणि मुलांनी प्राणी प्रत्यक्ष पाहायचे नाहीत तर काय चित्रातच पाहायचे?

प्रत्यक्ष म्हणजे किती, तेही पाहू. १९७२ साली जपान आणि चीन यांचे संबंध जुळले, त्या आनंदात चीनने कांग कांग आणि लान लान ही जोडी भेट दिली. ५ नोव्हेंबरला दर्शन खुले झाले तेव्हा रांग दोन किलोमीटर लांब होती. दोन तास उभे राहा आणि पन्नास सेकंद पाहा, असा हिशेब लोकांनी तेव्हाच मांडला होता. शेवटच्या दिवसांतही दर माणशी सुमारे मिनिटभरच. पंढरीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून क्षणभर विठोबा दिसतो, त्याने भक्ताचे पोट भरते. कारण विठोबा त्याने घरूनच मनात आणलेला असतो. पन्नास सेकंदांत मुलाला पांडा काय कळणार? पाठमोरा कुल्ला आणि बांबूची काटकी. मुलाला एवढेच कळते की ही वस्तू दुर्मिळ आहे, आपण ती पाहिली, शेजारच्या मुलाने पाहिलेली नाही.

आणि ती भेट तरी कोठे राहिली? पुढे चीनने पांडा देणे थांबवले आणि भाड्याने लावणे सुरू केले. री री आणि शिन शिन २०११ साली आले ते वर्षाला साडेनऊ लाख डॉलरच्या करारावर. पिल्ले झाली तरी ती मालकाची. शांग शांग २०२३ साली नेली, आईबाप २०२४ साली नेले, भावंडे आता नेली. लग्नाच्या मांडवातली भाड्याची भांडी कार्य झाले की मोजून परत जातात; त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. येथे रडावे लागते, कारण भाड्याच्या भांड्याला आपण नाव ठेवलेले असते.

भाड्याचा पैसा बने राखायला जातो असे म्हणतात, आणि रानातले पांडा वाढले हे मी नाकारीत नाही. १९८० नंतरच्या मोजणीत १,११४ भरले होते, ते २०१४ च्या मोजणीत १,८६४ झाले. फार मोठी गोष्ट आहे ती. पण मग बने राखायला पैसे द्या की! अस्वल मागू नका. पुजाऱ्याला दक्षिणा दिली म्हणून देव घरी पाठवून द्या, असे कोणी म्हणते का? श्याओ श्याओ आणि लेई लेईही काही रानात गेले नाहीत. एका कुंपणातून ते सिच्वानमधल्या दुसऱ्या कुंपणात गेले. त्यांच्यासाठी आता उशीर झाला. माझा विरोध आहे तो रिकाम्या घरात पुन्हा नवी जोडी आणा, म्हणून अश्रूंच्या जोरावर जी मागणी होते, तिला.

येथवर लिहून मला थांबता आले असते. पण या वादात एक हत्ती आहे, आणि तो माझा आहे.

शाळेत लागल्यापासून दर वर्षी बालदिनाच्या सुमारास मी मुलांना एक गोष्ट सांगत आलो. युद्धानंतर टोकियोच्या मुलांना हत्ती पाहायचा होता. त्यांनी भारताच्या पंतप्रधानांना शेकडो पत्रे लिहिली. पंडित नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरची एक हत्तीण पाठवली, आपल्या मुलीचे नाव देऊन: इंदिरा. ही माझी भेट नव्हे, भारताच्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे, असे त्यांनी लिहिले. बंदरापासून उएनोपर्यंत ती टोकियोच्या रस्त्यांतून चालत गेली. तिला आज्ञा कळत त्या कानडीत, म्हणून माहुतांनी तेथील रखवालदारांना कानडी शब्द शिकवले. येथे मुले हमखास हसत. मग मी म्हणायचो, पाहा, मुलांच्या पत्रात केवढी ताकद असते! आणि घंटा व्हायची.

गोष्टीची पहिली बाजू मी कधी सांगितली नाही. उएनोला हत्ती नव्हता, कारण जे तीन होते ते उपाशी मारले होते. १९४३ च्या ऑगस्टमध्ये हुकूम आला: बाँब पडले तर जनावरे मोकाट सुटतील, मारून टाका. वाघ-सिंह मेले. जॉन या हत्तीचे अन्नपाणी तोडले. वानरी आणि टोंकी या दोघी रखवालदार दिसला की शिकवलेले खेळ करून दाखवीत. खेळ केला की खाऊ मिळतो, हे त्यांना माणसानेच शिकवले होते. ४ सप्टेंबरला मेलेल्या जनावरांसाठी समारंभाने श्राद्ध झाले. भिक्षू आले, शाळकरी मुले आली, धूप जळला. त्या वेळी वानरी आणि टोंकी मेलेल्या नव्हत्या. तेथेच, कापडाच्या आडोशामागे, जिवंत होत्या. टोंकी २३ सप्टेंबरपर्यंत जगली.

जनावराच्या नावाने जमलेली गर्दी, डोळ्यांतले पाणी, आणि कापडामागे काय आहे ते न विचारण्याची सभ्यता: उएनोचा हा वारसा जुना आहे. २०२६ ची माणसे क्रूर आहेत असे मी म्हणत नाही. पांडांना कोणी उपाशी ठेवले नाही, उलट कौतुकाने वाढवले. पण बाईंनी ते पान पुढे केले तेव्हा मला ते कापड आठवले, याला मी काय करू?

आणि इंदिरा? तिने पत्र लिहिले नव्हते. १९५० साली तिला जपानभर गावोगाव फिरवले. मुले आनंदली, यात शंका नाही. ती परत आली नाही. १९८३ साली, चौतीस वर्षांनी, तेथेच मेली. नेहरूंचे मन मोठे होते, काळ होरपळलेला होता, आणि त्या मुलांना हत्ती देणे त्या दिवशी बरोबरच होते असे मला अजूनही वाटते. पण इतकी वर्षे ही गोष्ट सांगताना मी तिला वस्तूसारखे पाठवत राहिलो, आणि वर्गात टाळ्या घेतल्या, हे मला नाकारता येत नाही.

बाईंशी माझा अबोला नाही. परवाच सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावरून मान वर करून त्यांनी विचारले, “मग यंदा हत्तीची गोष्ट नाही का सांगणार, सर? मुलं वाट बघतात.”

सांगणार आहे. सुट्टी संपून शाळा भरली की सांगणार आहे. फक्त या वेळी सुरुवात १९४९ पासून नाही, १९४३ पासून करणार आहे. आणि दोन तासिका जोडून मागितल्या आहेत.