विकणे आहे : बंगला, बाग आणि आमची विहीर

गेल्या दिवाळीत एका दैनिकात जाहिरात वाचली. मुळशी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, एक एकरातील टुमदार बंगला विकणे आहे; फुललेली बाग, पोहण्याचा तलाव, बारमाही पाणी, कागदपत्रे निर्वेध. बंगला आमच्याच वाडीतला. 'बारमाही पाणी' हे शब्द मी मोठ्याने वाचले तेव्हा घरात सगळे हसले; आजी मात्र हसली नाही.

ते पाणी ज्या विहिरीचे, ती बंगल्याच्या कितीतरी आधीची आहे. चार घरांचा तिच्यात चार-चार आणे हिस्सा. पाळी ठरलेली असे आणि दुसऱ्याच्या पाळीला कोणी मोट धरीत नसे. 2006 साली दोन चुलत घरांनी आपली जमीन आपापल्या हिश्श्यासह विकली. विकली ती राजीखुशीने, हेही सांगितले पाहिजे. भाताचे एकच पीक, त्यात घरात लग्नाची मुलगी. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण भिंत उठली तेव्हा अख्खी विहीर आत गेली आणि आमची वाट बाहेर राहिली. घेणाऱ्याने आठ आणे विकत घेतले आणि सोळा आणे वापरले.

पोहण्याच्या तलावावर सगळ्यांचा राग. मी हिशेब करून पाहिला. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल म्हणजे सुमारे 57 हजार लिटर. 2019 च्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर ठरवले आहे. त्या मापाने आमच्या दोनशे माणसांच्या वाडीचे हे पाच दिवसांचे पाणी. पण तेच पाणी गाळून पुन्हापुन्हा वापरतात. खरी तहान हिरवळीची! पाच गुंठे हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर धरले, तरी रोज अडीच हजार लिटर लागतात, म्हणजे पंचेचाळीस माणसांचे पाणी. तिच्यावरून गाईलाही चरू देत नाहीत. आणि वैशाखात वाडीला टँकर येतो.

याच तालुक्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणासाठी जमिनी द्यायच्या नाहीत म्हणून सत्याग्रह केला. धरण झालेच, त्याचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कोकणात उतरते. पण ते लोक बोलले तरी. आम्ही काय केले? 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. वहिवाटीची वाट किंवा पाणी कोणी अडवले, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. त्या सहा महिन्यांत आम्ही भिंतीच्या कामावर मजुरी करीत होतो. मालक तसा सज्जन माणूस. गणपतीला वर्गणी देतो, भेटला की नमस्कार करतो. त्याला एकदाही कोणी विहिरीबद्दल विचारले नाही, मग दोष एकट्या त्याच्या पदरात कसा टाकावा?

आता बंगला विकावयाचा आहे, म्हणून मी हे लिहीत आहे. घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देईल, कोणाचा काही हक्क असल्यास मुदतीत कळवावे म्हणेल. अशा नोटिसा आपण वाचीतच नाही. माझे म्हणणे एवढेच की, या वेळी वाडीने ती वाचावी आणि लेखी हरकत घ्यावी. विक्री मोडावी असा हेतू नाही. नव्या मालकाने पैसे मोजण्याआधी त्याला कळावे की विहीर निम्मी आमची आहे आणि भिंतीला एक दार ठेवावे लागेल.

वाडीत याला विरोध आहे, आमच्या घरातसुद्धा. ज्या चुलत्यांनी जमीन विकली त्यांचा धाकटा मुलगा आज त्याच बागेत माळी आहे. व्यवहार फिसकटला तर दादाचा पगार जाईल, असे वडील म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. दादाला मी विचारले. तो म्हणाला, "तू शिकलेला आहेस, तूच ठरव," आणि नळी उचलून हिरवळीकडे गेला.

मागच्या आठवड्यात नवा सातबारा काढला. इतर हक्कांच्या सदरात आमचे चार आणे अजून आहेत. चौथे घर पिंपरीला गेले, पण त्यांचेही आहेत. हरकतीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. खातेदार वडील आहेत, तेव्हा सही त्यांची लागेल.